तिसरा खटका

ड्राइव्ह गेला. सेकंड गेला. फर्स्टही गेला.
रिव्हर्स तेवढा जिवंत.
तेव्हा आईनं आमची जुनी मर्क्युरी
डुलुथच्या त्या उभ्या चढावर
उलटी वर आणली,
मान मागे वळवून, एक हात माझ्या सीटच्या पाठीवर.
समोरच्या काचेत सरोवर पसरत गेलं
आणि आमचे दिवे
आम्ही सोडून आलो ती गल्ली उजळत राहिले.

गॅरेजवाला म्हणाला, चौतीसशे.
गाडी विकली तर येतील अकराशे.
चार आण्याची कोंबडी...
आईनं म्हण पुरी केली नाही,
भंगाराच्या यार्डात फोन लावला.
साडेतीनशेला मिळाला गिअरबॉक्स.
अंगावर खडूनं लिहिलेलं: ब्याऐंशी हजार मैल.
खडूवर विश्वास ठेवायचा.

मी चौदा वर्षांचा. माझं काम बॅटरी धरायचं.
"उजेड मी बघतेय तिथे हवा,
तू बघतोयस तिथे नको."
दोन शनिवार आमच्यात एवढंच बोलणं.

तेल लाल असायला हवं होतं.
पडलं ते रात्रभर उकळलेल्या कॉफीसारखं,
वास जळक्या पावाचा,
आणि पॅनमधल्या चुंबकावर
लोखंडाची मऊ लव, मांजराच्या कानावर असते तशी.
आईनं ती अंगठ्यानं पुसली, बघितली,
अंगठा पँटला पुसला.

बोल्ट गेले केकच्या साच्यात,
काढले त्याच क्रमानं, खळग्यामागून खळगा.
वरचे दोन दिसतच नव्हते.
तीन एक्स्टेन्शन एकमेकांत अडकवून
ती गाडीखाली पाठीवर पडली आणि डोळे मिटले.
"उजेड?" मी विचारलं.
"आता नको."

जॅक शेजारच्या व्हर्लिन आहोचा.
तो गोदीतून रिटायर झालेला, आणि सल्ला द्यायला कायम कामावर.
नवा गिअरबॉक्स वर चढवला, सरळ केला,
इंजिनाला भिडवला, तर
मध्ये बोटभर फट.
ढकलला. हलवला. शिव्या दिल्या, व्हर्लिननं फिनिश भाषेत.
फट तेवढीच.
"बोल्ट आवळ," तो म्हणाला, "आपोआप ओढला जाईल."

रात्रीचे अकरा वाजत आलेले. एप्रिल, तरी तोंडातून वाफ.
सकाळी पाचला तिची पाळी, हॉस्पिटलच्या धुलाईघरात,
चालत पाऊण तास.
रॅचेट तिच्या हातात होता.
मनातल्या मनात मी म्हणत होतो, आवळ ना.

"उतरव," ती म्हणाली.

पुन्हा खाली. पुन्हा जमिनीवर.
तिनं कन्व्हर्टरच्या दोन्ही कडा धरल्या,
जड, गोल, पोटात तेल घेऊन बसलेला,
आणि हळूच फिरवत आत रेटला.
"तीनदा बसतो हा. आपल्याला दोनदाच बसला.
आवळला असता तर आतला पंप फुटला असता,
आणि कळलं असतं ते चढावर."
व्हर्लिनला अचानक घरचं काहीतरी आठवलं.

"हात ठेव इथे."
मी बॅटरी खाली ठेवली.
गार लोखंड. तिचे हात बाहेरून, माझे आतून.
थोडं डावीकडे. थोडं उजवीकडे.
काहीच नाही. परत काहीच नाही.
मग
ठक.

ऐकू आला असं नाही म्हणता येणार,
मनगटात आला.
त्यानंतर कित्येकांनी मला कित्येकदा सांगितलं, झालं, बसलं, आवळ.
आधी मनगटाला विचारतो.

फट मिटली. बोल्ट बोटांनीच फिरले.
रविवारी तेल भरलं, लाल, सरबतासारखं.
आईनं ब्रेकवर पाय ठेवून दांडी खाली ओढली.
गाडीनं क्षणभर विचार केला,
मग अंगात आल्यासारखी हलकेच पुढे झुकली.

खाली बंदरापर्यंत गेलो, वळलो,
चढ सरळ चढून आलो. आई तीनदा मागे बघून.

दार उघडलं तर फोन वाजतोय.
समोरच्या म्हाताऱ्या मिसेस स्कोग्लुंड.
पंधरा दिवसांपूर्वी खिडकीतून
आमचे दिवे उताराकडे बघताना त्यांनी पाहिले होते.
"मार्लिस," त्या म्हणाल्या,
"आलीस का गं एकदाची परत?"